मुलगी के-ड्रामा बघते, आईला कोरियन पुस्तकं वाचायचीयत. सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा होता: ताईंची मुलगी कॉलेजला आहे, दिवसरात्र के-ड्रामा बघते, नोबेल मिळालं म्हणून तिने हान कांगचं 'द व्हेजिटेरियन' घरी आणलं, ताईंनी कुतूहल म्हणून उघडलं आणि साठेक पानांवर कसंतरी व्हायला लागलं म्हणून मिटून ठेवलं. आता त्या विचारतायत की कोरियन वाचायचं असेल तर कुठून सुरू करू, इंग्रजीतून वाचू की मराठी भाषांतराची वाट बघू, आणि हे सगळं नुसतं फॅड तर नाही ना.

ताई, मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतेय. कोरियन मला येत नाही हे आधीच सांगते. लॉकडाऊनमध्ये त्यांची अक्षरं शिकले (हंगुल दोन दिवसांत येतं, खरंच), दुकानाच्या पाट्या वाचता येतात, नात्यांचे शब्द कळतात, बास. त्यामुळे मी जे सांगणार ते भाषांतरकाराच्या टेबलावरून दिसतं तेवढंच.

पहिली गोष्ट, तुम्ही चुकीच्या दारातून आत शिरलात, आणि त्यात तुमची काही चूक नाही. नोबेल मिळालं की दुकानदार जे पुस्तक पुढे मांडतो तेच आपण उचलतो. हान कांगला १० ऑक्टोबर २०२४ ला नोबेल जाहीर झालं, साहित्याचं नोबेल मिळवणारी ती आशियातली पहिली बाई, आणि 'व्हेजिटेरियन'ला २०१६ ला इंटरनॅशनल बुकर मिळालेलं असल्यामुळे तेच सगळीकडे. पण त्या पुस्तकाच्या नावातच आपल्यासाठी एक सापळा आहे. 'शाकाहारी' म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? सोसायटीचे 'फक्त शाकाहारी कुटुंबांना' वाले बोर्ड, श्रावण, सोवळं, जात. म्हणजे मांस न खाणं हा आपल्याकडे वरचढपणाचा मुद्दा. तिकडे उलटं आहे. घरातली एक अगदी साधी, नवऱ्याच्या शब्दांत कशातच उठून न दिसणारी बाई, एका रात्री स्वप्न पडतं म्हणून उठते आणि फ्रीजमधलं सगळं मांस कचऱ्याच्या पिशव्यांत भरायला लागते, आणि ते सगळ्या घरादाराला बंड वाटतं. मग बहिणीच्या नव्या घरी जेवणाला सगळे जमतात तिथे बाप तिला थोबाडीत मारतो आणि तिच्या तोंडात मांसाचा तुकडा कोंबतो. तुम्ही बहुतेक तिथेच पुस्तक मिटलं असणार. तिथे 'मांस खाणारे वाईट, न खाणारी चांगली' असं आपल्या सवयीने वाचलं की पुढचं सगळंच तिरकं जातं. प्रश्न बाईने आपल्या शरीराचं काय करायचं ते कोण ठरवणार हा आहे, मांस हे निमित्त. हे पुस्तक उद्या मराठीत करायचं झालं तर मी 'शाकाहारी' हे नाव नाही ठेवणार, काय ठेवीन ते मात्र अजून सुचलेलं नाही.

आता मुलीकडे वळू, कारण मला वाटतं तुमच्या घरात कोरियन साहित्याची सगळ्यात चांगली वाचक तीच आहे, तिला माहीत नसलं तरी. तिला विचारून बघा, ओप्पा कोण, ओन्नी कोण, ह्यंग कोण. ती धडाधड सांगेल. मुलीने मोठ्या भावाला म्हणायचं ओप्पा, मुलाने म्हणायचं ह्यंग. मोठी बहीण मुलीसाठी ओन्नी, मुलासाठी नूना. आईची बहीण इमो, वडिलांची बहीण गोमो. म्हणजे मावशी आणि आत्या! इंग्रजीत दोघीही आंट, आणि झालं. शिवाय ड्रामात हॉटेलमध्ये जेवण वाढणाऱ्या बाईलाही हाक मारतात 'इमो!', जशी आपण भाजीवाल्या मावशींना मारतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातली पेन्सिल ठेवून हसले होते, कारण आपण आशियातली पुस्तकं इंग्रजीतून आणतो आणि येताना नेमकं तेच विमानतळावर टाकून येतो जे आपल्याला आयतं कळलं असतं.

माझाच एक किस्सा सांगते. एका पूर्व आशियाई कादंबरीचं भाषांतर करत होते, अर्थात इंग्रजीवरून, प्रकाशकाला तीनशे पानं अडीच महिन्यांत हवी होती (नेहमीचंच). त्यात एक आंट होती, मी सरळ मावशी केली, कारण प्रेमळ होती, लाडू-बिडू करण्यातली वाटली. दोनशे पानं झाल्यावर एका ओळीत निघालं की ती वडिलांची बहीण. म्हणजे आत्या! आता आत्या आणि मावशी नुसता शब्दाचा फरक नाही ना, आत्याने घरात येऊन बोलणं वेगळं आणि मावशीने वेगळं, आत्याला माहेरचा हक्क आहे, तिचे टोमणेही त्याच हक्काचे. मी फाइंड-रिप्लेस केलं नाही, मागे जाऊन तिचे सगळे संवाद परत लिहिले. 'व्हेजिटेरियन'मध्ये पण हेच होतं. दुसऱ्या भागाचा नायक इंग्रजीत नुसता ब्रदर-इन-लॉ. तो नायिकेच्या, म्हणजे मांस सोडणाऱ्या यंग-हेच्या, मोठ्या बहिणीचा नवरा आहे. मराठीत तिला त्याला काहीतरी हाक मारायलाच लागेल, भावोजी म्हणा, आमच्या कोल्हापूरकडे दाजी म्हणतील. एकदा 'दाजी' हा शब्द त्या खोलीत आला ना, की तो तिथे जे करतो ते किती भयंकर आहे हे वाचणाऱ्याच्या अंगावर येतं. इंग्रजीत तो शब्द थंड राहतो.

तसंच अहो-जाहोचं. ड्रामात एक सीन असतोच, दोघं कितीतरी एपिसोड आदराने बोलत असतात आणि मग एकजण म्हणतो आता आपण सैल बोलूया. इंग्रजी सबटायटलमध्ये 'लेट्स स्पीक कॅज्युअली' असलं काहीतरी येतं आणि अमेरिकन माणसाला कळत नाही यात एवढं लाजण्यासारखं काय. आपल्याला कळतं. 'अहो काय, ए म्हण की आता' यात काय काय असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. वाक्यात क्रियापद शेवटी येणं, कर्ता गाळून बोलणं, हे पण सारखंच. एका ठिकाणी मात्र मराठी अडते: ओप्पा. कोरियन मुलगी भावालाही ओप्पा म्हणते आणि बॉयफ्रेंडलाही. आपल्याकडे एखादीने त्याला दादा म्हटलं की प्रकरण तिथेच संपलं! तिथे मी तरी ओप्पाच ठेवीन, मुली मारतातच आता तशी हाक.

कर्ता गाळण्यावरून आठवलं, 'व्हेजिटेरियन'च्या इंग्रजी भाषांतरावर बराच वाद झाला होता. डेबोरा स्मिथने कोरियन शिकायला लागल्यावर थोड्याच वर्षांत ते भाषांतर केलं, बुकरचे पन्नास हजार पौंड लेखिका आणि ती यांच्यात अर्धे-अर्धे वाटले गेले (भाषांतरकाराला अर्धे! आमच्याकडे मुखपृष्ठावर नाव आलं तरी पेढे वाटतात), आणि मग कोरियन वाचकांनी मूळ पुस्तक शेजारी ठेवून चुका काढल्या. पाय म्हणजे 'बाल' आणि हात म्हणजे 'फाल', त्यात गडबड झाली आणि पायाचा हात झाला. काही ठिकाणी वाक्याला कर्ता नसल्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं. शिवाय मूळ शैली कोरडी, इंग्रजी जास्त नटलेली, असंही बऱ्याच जणांचं म्हणणं. हान कांगने स्वतः ते भाषांतर वाचलं होतं आणि ती स्मिथच्या बाजूने उभी राहिली. माझं मत विचाराल तर पायाचा हात होणं ही सगळ्यात लहान चूक, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. सूर बदलला तर तो सुधारत नाही. पण त्या भाषांतराशिवाय तुमच्या-माझ्या घरात ते पुस्तक आलंच नसतं, त्यामुळे मी काही दगड मारणार नाही.

मग सुरुवात कुठून? माझा सल्ला, शिन क्यंग-सुकचं 'प्लीज लुक आफ्टर मॉम'. मूळ २००८ चं, इंग्रजीत २०११ ला आलं, भाषांतर ची-यंग किमचं, त्याला मॅन एशियन पारितोषिक पण मिळालं. गोष्ट एवढीच: गावाकडचे आईवडील मुलांकडे सोलला येतात, सोल स्टेशनच्या गर्दीत बाप पुढे जाऊन ट्रेनमध्ये चढतो, दार बंद होतं, आणि आई मागे प्लॅटफॉर्मवर राहते. ती हरवते. दादरला संध्याकाळी सहा वाजता उभं राहून हे वाचा म्हणजे झालं. मुलं हरवल्याचं पत्रक काढायला बसतात आणि आईची जन्मतारीख काय लिहायची, फोटो कुठला द्यायचा इथेच अडकतात. मराठीत आईवर रडवणारं कमी नाही, हे पुस्तक पण रडवतं, पण त्यात मुलांना सोडत नाही, ते मला आवडलं. बराचसा भाग 'तू' असं म्हणून सांगितलाय, इंग्रजीत 'यू' असल्यामुळे ते कळायला वेळ लागतो.

त्यानंतर चो नाम-जूचं 'किम जियंग, बॉर्न १९८२'. हे अगदी बारीक आहे, दोन बैठकांत होतं. भाषेची मजा वगैरे शोधू नका, ते जवळजवळ रिपोर्टसारखं लिहिलंय, मधेमधे पगारातल्या तफावतीची आकडेवारी तळटिपांसकट. पण एक प्रसंग बघा. जियंग पोराला बाबागाडीतून फिरवताना ऑफरमध्ये दीड हजार वॉनची कॉफी घेते, म्हणजे साधारण शंभर रुपये, आणि बागेत बाकावर बसते. शेजारी जेवणाच्या सुट्टीतले ऑफिसवाले. ते आपसात म्हणतात, नवऱ्याच्या पैशावर कॉफी पीत हिंडणारी ही आई-झुरळं. कोरियनमध्ये त्यासाठी अख्खा एक शब्द तयार झालाय, 'मामछुंग'. ती कॉफी न संपवता घरी निघते. बास, एवढंच. २०१६ ला पुस्तक आलं, दोन वर्षांत दहा लाखांवर प्रती खपल्या. आणि आता हे तुमच्या मुलीला विचारा, तिला माहीत असेल: २०१८ ला रेड व्हेल्वेट या के-पॉप गटातली गायिका आयरीन चाहत्यांसमोर नुसतं एवढं म्हणाली की मी हे पुस्तक वाचलं, तर काही पुरुष चाहत्यांनी तिचे फोटो जाळून, फाडून नेटवर टाकले. पुस्तक आवडलं असंही ती म्हणाली नव्हती! पॉप आणि पुस्तकं वेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत ती अशी.

आता हान कांगकडे परत, पण 'ह्यूमन ॲक्ट्स'च्या दाराने. आणि त्याआधी दहा मिनिटं इतिहास, कारण तो नसेल तर पुस्तक कळत नाही. १९७९ च्या ऑक्टोबरात हुकूमशहा पार्क चुंग-हीचा खून झाला, डिसेंबरात चुन डू-ह्वान नावाच्या जनरलने लष्कर हातात घेतलं, मे १९८० ला लष्करी कायदा देशभर वाढवला आणि ग्वांगजू शहरात १८ मेपासून विद्यार्थी रस्त्यावर उतरले तर सैनिकांनी लोकांवर गोळ्या घातल्या. काही दिवस शहर लोकांच्या ताब्यात होतं, २७ मेच्या पहाटे सैन्य रणगाडे घेऊन परत आलं. हान कांग ग्वांगजूची, पण घर चार महिने आधीच सोलला हललं होतं, तेव्हा ती नऊ वर्षांची. बाराव्या वर्षी घरातल्या कपाटात तिला एक फोटोंचं पुस्तक सापडलं, पाठ आतल्या बाजूला करून ठेवलेलं, त्यात ग्वांगजूच्या मेलेल्या माणसांचे फोटो. मोठ्यांनी लपवलेलं पुस्तक पोरं बरोब्बर शोधतात.

कादंबरीत दोंग-हो नावाचा शाळकरी मुलगा मित्राला शोधत जातो आणि एका जिमच्या हॉलमध्ये मृतदेहांची नोंद करायच्या कामाला लागतो. वहीत नंबर, कपडे, अंदाजे वय लिहायचं, वासासाठी डोक्याशी मेणबत्ती लावायची. त्याला एक प्रश्न पडतो, यांना सैनिकांनी मारलं, मग शवपेटीवर देशाचाच झेंडा का पांघरायचा आणि राष्ट्रगीत का म्हणायचं? तो विचारतो आणि कोणालाच नीट उत्तर देता येत नाही. इथेही हे पहिलं प्रकरण त्या पोराला 'तू' म्हणून सांगितलंय. मूळ नावाचा अर्थ आहे 'मुलगा येतोय'. इंग्रजी नावात तो मुलगा गेला आणि मानवी कृत्यं राहिली, मला मूळचं नाव कितीतरी जास्त आवडतं.

आणि त्यातलं संपादिकेचं प्रकरण चुकवू नका. १९८५ साल, एका छोट्या प्रकाशनात काम करणारी बाई, एका भाषांतरकाराचा पत्ता सांगत नाही म्हणून चौकशीत तिला सात थोबाडीत बसतात. ती ठरवते, रोज एक विसरायची. आज पहिली विसरायची, उद्या दुसरी. माझ्या धंद्यातली असल्यामुळे असेल, पण मी ते प्रकरण वाचून दोन दिवस काम केलं नव्हतं. शेवटाकडे मुलाच्या आईचं प्रकरण आहे, ते मूळात तिकडच्या बोलीत. मला विचारतात की मराठीत ते वऱ्हाडीत करशील की मालवणीत? कशातच नाही. वऱ्हाडी बोलली की ती बाई अमरावतीची होते, ग्वांगजूची राहत नाही. साधी, घरात बोलतो तशी मराठी आणि वाक्यं तुटकी, एवढंच करीन. यावर माझ्याशी भांडणारे भाषांतरकार मित्र आहेत, त्यांचंही अगदीच चूक नाही.

हे फॅड आहे का विचारलंत ना, त्याचं उत्तर इथे येतं. नोबेल जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते, ३ डिसेंबर २०२४, आपल्याकडे संध्याकाळचे सात, तिकडे रात्रीचे साडेदहा, राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉलने टीव्हीवर येऊन लष्करी कायदा लावला. ग्वांगजूच्या वेळेनंतर पहिल्यांदा. खासदार कुंपणं चढून संसदेत गेले, रात्री एकच्या सुमारास १९० विरुद्ध शून्य मतांनी तो रद्द करायचा ठराव केला, पहाटे तो मागे घेतला गेला. तीनच दिवसांनी स्टॉकहोमला हान कांगला पत्रकारांनी पहिल्यांदा तेच विचारलं. ७ डिसेंबरच्या नोबेल भाषणात तिने सांगितलं की 'ह्यूमन ॲक्ट्स' लिहिताना तिचा प्रश्न आधी होता, जिवंत माणसं मेलेल्यांना वाचवू शकतात का, आणि तो उलटा झाला, मेलेले जिवंतांना वाचवू शकतात का. पुढच्या आठवड्यात, १४ डिसेंबरला, महाभियोगाच्या मतदानाआधी संसदेत हेच वाक्य ऐकू आलं. आणि बाहेर थंडीत विशीतल्या मुली मेणबत्त्यांऐवजी के-पॉप कॉन्सर्टच्या लाइटस्टिक (चाहते हातात धरून हलवतात ते दिवे) घेऊन उभ्या, गाणं गर्ल्स जनरेशन या मुलींच्या के-पॉप गटाचं, २००७ चं. एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने यूनला काढलं. तुमच्या मुलीकडे एखादी लाइटस्टिक असेल तर तिला 'काय हा खर्च' म्हणायच्या आधी हे आठवा! (खर्च असतोच म्हणा.)

मुलीने 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' बघितली असेलच, जेजू बेटावरची, २०२५ ची. त्या मालिकेचं मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, अर्थ 'खूप राबलात हो', आणि मुख्य कोरियातल्या माणसाच्या कानाला तेच 'पुरते फसलात' असं लागतं. छान आहे मालिका, मी पण रडले, समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, संत्री, पोरं, सगळं. पण गोष्ट सुरू होते पन्नास-साठच्या दशकापासून, आणि त्या बेटावर १९४८ च्या ३ एप्रिलपासून काही वर्षं जे झालं, बंडखोर शोधायच्या नावाखाली पंचवीस-तीस हजार माणसं मारली गेली, म्हणजे दहातलं एक, ते तिच्यात जवळजवळ येत नाही. ते हान कांगच्या 'वुई डू नॉट पार्ट'मध्ये आहे. त्यात एका बाईची करवतीने बोटं तुटलीयत, ऑपरेशन करून जोडलीयत, आणि आतली नस मरू नये म्हणून नर्स दर तीन मिनिटांनी त्या जखमेत सुई टोचते, रक्त यायला हवं, दुखायला हवं. आणि ती मैत्रिणीला सांगते, माझ्या घरी जेजूला जा, पक्षी एकटा आहे, त्याला पाणी दे. मैत्रीण हिमवादळात निघते, एका पक्ष्यासाठी. आधी मालिका, मग हे पुस्तक, दोघींनी मिळून. हे मात्र पहिलं नको, हे सगळ्यात शेवटी.

दुकानात हल्ली कोरियन म्हणून जे ढिगाने दिसतं, मुखपृष्ठावर मांजर, पिवळा दिवा, पुस्तकांचं दुकान नाहीतर किराणा, त्यातली दोन-तीन वाचली मी. वाईट नाहीत. प्रवासात बरी. चहात साखर जास्त. आणि 'पाचिंको' सगळे कोरियन साहित्य म्हणून देतात, ती मिन जिन लीने इंग्रजीतच लिहिलेली आहे, जपानमधल्या कोरियन कुटुंबाची, वाचा जरूर, फक्त ते भाषांतर नाही हे माहीत असू दे.

मराठीची वाट बघू का, तर नका बघू, इंग्रजी वाचता येतंय तर वाचा. मराठीत येईल तेव्हा पहिलं काम, आतलं पान उघडून बघा भाषांतर थेट कोरियनवरून आहे की इंग्रजीवरून. इंग्रजीवरून असलं म्हणून टाकून देऊ नका, माझं पोट त्यावरच चालतं, पण तिथे आंटी, ब्रदर-इन-लॉ, यू या शब्दांचं काय केलंय ते बघत वाचा. अडलं की मुलीला विचारा हा माणूस तिचा नक्की कोण लागतो, तिच्या कानाला सवय आहे.

आणि 'व्हेजिटेरियन' कपाटातून काढून टाकू नका. सहा महिन्यांनी परत घ्याल तेव्हा थेट तिसरा भाग उघडा, नियम मोडून. तो मोठ्या बहिणीचा आहे, इन-हेचा. सौंदर्यप्रसाधनांचं दुकान चालवते, एकटीने पोर सांभाळते, बहिणीला हॉस्पिटलमध्ये भेटायला जाते, सगळं नीट करणारी. मला ती पहिल्या वाचनात दिसलीच नव्हती, दुसऱ्या वाचनात सगळं पुस्तक तिचंच वाटलं.